दोन थरांची नक्कल : तिला नुसती ‘पायरसी’ म्हणून भागेल का?

आजचा धागा ना गडकोटांवर आहे, ना बखरींवर. तो आहे वीसेक वर्षांपूर्वी घाटकोपरसारख्या उपनगरात, घरच्या संगणकाशेजारी बसून केल्या जाणाऱ्या एका कामावर : चित्रपटाच्या मूळ डीव्हीडीची कोऱ्या ‘ड्युअल लेयर’ डीव्हीडीवर नक्कल उतरवणे. त्या काळाविषयी जे थोडेफार लिहिले जाते, त्यात या कामाची बोळवण ‘पायरसी’ या एकाच शब्दात होते. हा शब्द येथे अपुरा आहे असे माझे मत आहे, आणि त्याचा पुरावा खुद्द त्या डिस्कमध्येच आहे. धागा लांब आहे, सावकाश वाचावा.

हा विषय आताच काढण्याचे कारण पुनर्विकास. घाटकोपर पूर्वेला पंतनगरच्या म्हाडा वसाहतीत आणि आसपासच्या जुन्या सोसायट्यांत इमारती एकामागून एक रिकाम्या होत आहेत. घर हलवताना पुस्तके रद्दीत जातात, भांडी मोडीत जातात आणि डिस्कचे डबे थेट भंगारात. नव्या लॅपटॉपला डीव्हीडी घालायची सोयच नसते, त्यामुळे डब्यात काय आहे हे पाहण्याचे कष्टही कोणी घेत नाही. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली काढला, तेव्हा जुने दफ्तर म्हणजे घरातली अडगळ असेच बहुतेकांना वाटत होते. डिस्कचा डबा आणि पेशवेकालीन दफ्तर यांना एका तागडीत घालण्याचा माझा हेतू नाही. पण ‘यात काय आहे?’ हा प्रश्न विचारण्याआधीच वस्तू फेकून देण्याची आपली सवय मात्र जुनीच आहे.

प्रथम वस्तू समजून घेऊ.

साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी माहिती मावते. परंतु मोठ्या कंपन्यांचे बरेचसे चित्रपट कारखान्यात छापले जात ते ८.५ जीबीच्या दोन थरांच्या डिस्कवर. वरून पाहिले तर डिस्क एकच. आत मात्र सुमारे ५५ मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीएवढ्या अंतराने, दोन थर एकावर एक असतात. पहिला थर अर्धपारदर्शक असतो. लेसर आपला केंद्रबिंदू बदलतो आणि त्या थराच्या आरपार जाऊन दुसरा थर वाचतो. चित्रपटाच्या डिस्कमध्ये साधारणपणे पहिला थर मध्यापासून कडेकडे वाचला जातो आणि दुसरा कडेपासून मध्याकडे. शेतातला नांगर बांधापाशी वळून परत फिरावा तसे. त्या वळणावर काही प्लेअर क्षणभर अडखळत. चित्र एक निमिषभर गोठे आणि पुढे चालू होई. तुमच्यापैकी ज्यांचा जन्म २००० च्या आधीचा आहे, त्यांना ते आठवत असेल.

घरच्या राइटरवर २००४ पर्यंत फक्त ४.७ जीबीची डिस्क लिहिता येई. ८.५ जीबीचा चित्रपट तिच्यात कसा बसवायचा? उत्तर एकच : छाटायचे. ‘डीव्हीडी श्रिंक’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर त्यासाठी घरोघर पोचले होते. ते चित्राचा दर्जा उतरवून आकार कमी करी, किंवा वापरणाऱ्याच्या सांगण्यावरून मेनू, दिग्दर्शकाचे भाष्य, वगळलेली दृश्ये, जादा भाषांचे ध्वनिपट आणि उपशीर्षके काढून टाकी. चित्रपट राही, बाकीचे जाई.

२००४ मध्ये ‘डीव्हीडी प्लस आर डीएल’ जातीच्या कोऱ्या डिस्क आणि त्या लिहू शकणारे राइटर बाजारात आले, आणि प्रथमच घरी बसून ८.५ जीबीची पूर्ण नक्कल शक्य झाली. सुरुवातीचा वेग २.४ पट होता. डीव्हीडीचा एकपट वेग सेकंदाला सुमारे १.३८५ एमबी धरला, तर पूर्ण डिस्क लिहायला साधारण ४३ मिनिटे लागतात. या वेळात वीज गेली, संगणक अडकला किंवा धाकट्या भावाने मध्येच गेम सुरू केला की डिस्क वाया. (येथे घाटकोपरकर सुदैवी. आमची वीज बीएसईएसची, पुढे रिलायन्सची. त्याच मध्य रेल्वेवर काही स्थानके पुढे भांडुप-मुलुंडला महावितरणचे भारनियमन असे. तेथे डीएल लिहायला बसण्यापूर्वी भारनियमनाचे वेळापत्रक पाहावे लागे.)

या दोन नकलांतला फरक पोथ्यांच्या अभ्यासकांना नवा वाटणार नाही. एक लेखक संक्षेप करून उतरवतो. दुसरा ‘जसे पाहिले तसे लिहिले, चूक असेल तर दोष मला देऊ नये’ अशा अर्थाची ओळ शेवटी घालून अक्षर न् अक्षर उतरवतो. पाठनिश्चितीच्या वेळी आपण दुसऱ्या पोथीला अधिक मान देतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती हाती असलेल्या नकला समोर ठेवूनच. नक्कल हे आपल्याकडे ग्रंथ टिकवण्याचे मुख्य साधन होते. तीत लाजिरवाणे असे काही नव्हते.

आता मुख्य मुद्दा, पैशाचा.

पायरसी म्हणजे पैसे वाचवण्यासाठी केलेली चोरी, असे आपण गृहीत धरतो. ते खरे मानले तर डीएल नक्कल हा मोठा विचित्र प्रकार ठरतो. १९८३ साली दिल्लीत सुरू झालेली मोझर बेअर ही कंपनी आधी फ्लॉपी आणि पुढे कोऱ्या सीडी-डीव्हीडी बनवत असे. २००६-०७ च्या सुमारास ती चित्रपटांच्या बाजारात उतरली आणि तिने व्हीसीडी ₹२८ ला व डीव्हीडी ₹३४ ला विकायला काढली. त्याआधी मूळ डीव्हीडीसाठी काही शेकडा रुपये मोजावे लागत. ₹३४ ही किंमत रस्त्यावरच्या चोरट्या डिस्कच्या बरोबरीची होती. कोरी डीएल मात्र त्याहून कितीतरी महाग पडे. त्यातही स्वस्तातली घेतली तर दुसऱ्या थरावर गेल्यावर दगा देई, म्हणून जाणकार नावाजलेल्या कंपनीचीच मागत. ती आणायला घाटकोपरहून दादर, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड आणि तेथून लॅमिंग्टन रोड अशी वारी करावी लागे. लॅमिंग्टन रोडचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण या व्यवहारात ते नाव मी कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही.

म्हणजे मूळ डिस्क ₹३४ ला कोपऱ्यावर मिळत असताना कोणी त्याच्या कित्येक पट किंमत मोजून कोरी डिस्क आणतो, पाऊण तास संगणकाला हात न लावता बसतो आणि एकाच चित्रपटाची एकच नक्कल करतो. ही काटकसर नव्हे. आणि धंदा तर मुळीच नव्हे. धंदेवाईक चोर नेमके उलट करीत. ते एका डिस्कवर चार-पाच चित्रपट कोंबत, कारण गिऱ्हाईकाला संख्या हवी असे. मेनू, भाष्य, उपशीर्षके यांच्याशी चोराला काय देणेघेणे? अर्थशास्त्र ज्या कृतीचा खुलासा करू शकत नाही, तिच्यामागचा हेतू इतिहासकाराने दुसरीकडे शोधला पाहिजे. माझ्या मते तो हेतू पूर्णतेचा आग्रह हा होता. चित्रपट जसा आला तसा, सगळ्या पदरांसह, आपल्याजवळ असावा, ही ती इच्छा.

हा आग्रह कोणत्या डिस्कच्या वाट्याला येई, हेही पाहण्यासारखे आहे. जे ₹३४ ला मिळत होते, त्याची डीएल नक्कल सहसा कोणी करीत नसे. नक्कल होई ती येथे विकत न मिळणाऱ्या डिस्कची. अमेरिकेतल्या नातलगाने बॅगेतून आणलेली डिस्क, सभासदत्व घेऊन व्हिडिओ लायब्ररीतून आणलेली एखादी दुर्मीळ प्रत, फिल्म सोसायटीतल्या मित्राकडची उसनवारीची जागतिक सिनेमाची डिस्क. (मुंबईत प्रभात चित्र मंडळासारखी संस्था १९६८ पासून हे वेड जोपासत आली आहे.) शिवाय डीव्हीडीला विभागांचे कुलूप असे. अमेरिका विभाग १, भारत विभाग ५. तेथे पैसे देऊन घेतलेली डिस्क येथल्या नियमाप्रमाणे चालणाऱ्या प्लेअरवर लागतच नसे. विकत घेतलेल्या वस्तूचा वापर करण्यासाठी नक्कल करावी लागणे ही त्या काळाची एक खास विसंगती आहे.

दुसरे कुलूप सांकेतिक होते. १९९६ मध्ये आलेली ही ‘सीएसएस’ नावाची पद्धत ४० बिटांच्या किल्लीवर चाले. १९९९ मध्ये ती फुटली. त्या प्रकरणात नॉर्वेच्या योन लेक योहान्सन या तरुणावर खटला झाला. संकेतभेद करणारा प्रोग्रॅम प्रसिद्ध झाला तेव्हा तो १५ वर्षांचा होता. स्वतः विकत घेतलेली डिस्क पाहण्यासाठी कुलूप उघडणे हा गुन्हा नाही, असे म्हणत न्यायालयाने जानेवारी २००३ मध्ये त्याला निर्दोष सोडले, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अपिलातही तो सुटला.

आपल्याकडचा कायदा काय म्हणत होता? येथे माझ्याच बाजूच्या मंडळींना थोडे थांबवावे लागेल, कारण ‘घरच्या वापरासाठी चालत होते’ हे सर्रास सांगितले जाणारे विधान त्या काळापुरते खरे नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमाचे कलम ५२ खासगी वापरासाठी सूट देई. पण ती साहित्यिक, नाट्य, संगीत आणि कलाकृतींपुरती होती. चित्रपट त्या यादीत नव्हता. २०१२ च्या दुरुस्तीने ही सूट संगणक-प्रोग्रॅम वगळता सर्व कृतींना लागू झाली. त्याच दुरुस्तीने कलम ६५अ आणून हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणे शिक्षापात्रही केले. म्हणजे दार अर्धे उघडले ते, ज्या कामासाठी उघडले ते काम संपत आल्यावर.

महाराष्ट्राने तर आणखी एक पाऊल टाकले होते. १९८१ च्या एमपीडीए कायद्यात २००९ साली व्हिडिओ पायरेट घातले गेले. त्याचे मराठी नाव आजही वाचण्यासारखे आहे : झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, औषधी द्रव्यविषयक गुन्हेगार, धोकादायक व्यक्ती, आणि त्यांच्या पंगतीला ‘दृकश्राव्य कलाकृतींचे विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्या व्यक्ती’. रोख अर्थातच संघटित धंद्यावर होता. गारोडिया नगरातल्या बिऱ्हाडात डीएल लिहिणाऱ्यावर नव्हे. पण शब्दाचा धाक असा की घरगुती नक्कल करणाऱ्यानेही आपल्या डिस्कवर नाव घातले नाही आणि तिच्याविषयी कोठे लिहून ठेवले नाही. आज पुरावा एवढा विरळ आहे, त्याचे हे एक कारण.

इतर देशांनी वेगळे मार्ग काढले होते. जर्मनीने १९६५ मध्येच घरगुती ध्वनिमुद्रणाचे वास्तव मान्य करून यंत्रांवर आकार बसवला आणि तो पैसा कलावंतांकडे वळवला. १९८५ मध्ये कोऱ्या फितीही त्यात आल्या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये, पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने, दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी घरी मुद्रित करणे वैध ठरवले. आपण कोऱ्या डिस्कवर असा आकारही घेतला नाही आणि सूटही दिली नाही. मला जर्मन वाट अधिक प्रामाणिक वाटते. लोक नक्कल करणारच हे गृहीत धरून निर्मात्याला त्याचा वाटा देणे, हे त्या कायद्याचे शहाणपण.

‘बरे, पण त्या डिस्कमध्ये असे काय मोठे आहे?’ हा प्रश्न रास्त आहे.

‘शोले’चेच पाहा. १९७५ मध्ये सेन्सॉरच्या आग्रहाने त्याचा शेवट बदलला गेला. ठाकूर गब्बरला ठार मारतो तो मूळ शेवट तेव्हा भारतातल्या चित्रगृहांतून दिसला नाही. तो लोकांपर्यंत पोचला तो पुढे परदेशी घरगुती व्हिडिओच्या वाटेने, आणि हातोहात फिरलेल्या नकलांतून. मूळ शेवटासह पूर्ववत केलेली प्रत मोठ्या पडद्यावर आली ती जून २०२५ मध्ये, इटलीतल्या बोलोन्या येथील महोत्सवात. ती फिल्म हेरिटेज फाउंडेशनने मूळ फिल्मवरून सिद्ध केली, कोणाच्या डीव्हीडीवरून नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण तसा शेवट होता, तो पाहिलेले लोक होते, त्याची मागणी होत राहिली, ही स्मृती मधली काही दशके कोणी सांभाळली?

संस्थांनी सांभाळले असते तर प्रश्नच नव्हता. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, तोवर आपला मूकपटांचा बहुतांश ठेवा गेलेला होता. १९३१ च्या ‘आलम आरा’ची आज एकही प्रत उपलब्ध नाही. जे उरले होते त्यातलेही बरेच नायट्रेट फिल्मचे साठे जानेवारी २००३ मध्ये पुण्याच्या आगीत भस्मसात झाले. प्रत एकाच ठिकाणी ठेवण्याचा धोका याहून स्पष्ट कसा सांगावा?

बेकायदा किंवा घरगुती नकलांनी कृती वाचवल्याची उदाहरणे जगात आहेत. ‘नोस्फेराटू’ या १९२२ च्या जर्मन मूकपटाच्या सर्व प्रती नष्ट कराव्यात असा आदेश न्यायालयाने १९२५ मध्ये दिला होता, कारण तो ‘ड्रॅक्युला’वर परवानगीविना बेतलेला होता. परदेशांत पोचलेल्या प्रती वाचल्या म्हणून तो आज अभ्यासक्रमात आहे. बीबीसीने ‘डॉक्टर हू’ या मालिकेच्या जुन्या फिती पुसून टाकल्या. आज तिचे जे भाग हरवलेले आहेत, त्या सर्वांचा ध्वनी उपलब्ध आहे, कारण काही प्रेक्षकांनी घरी दूरचित्रवाणीसमोर टेपरेकॉर्डर ठेवला होता. त्यांच्यापैकी कोणी स्वतःला अभिलेखपाल समजत नव्हते.

आता दोन हरकती मीच घेतो. पहिली, डीव्हीडीवरचे चित्र फार तर ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे, तेही आकुंचित केलेले. ती फिल्मची जागा घेऊ शकत नाही. मेनू, भाष्य, उपशीर्षके आणि त्या आवृत्तीची विशिष्ट कापणी यांची मात्र ती एकमेव साक्षीदार असू शकते. आजच्या ओटीटीवर हे पदर क्वचितच असतात.

दुसरी हरकत मला अधिक टोचते. डीएल नक्कल ही मध्यमवर्गाची चैन होती. घरी संगणक, त्यात डीएल राइटर, वर महाग डिस्क आणि शिवाय परदेशी नातलग. घाटकोपरचे दोन थर येथेही दिसतात : गारोडिया नगरात एका चित्रपटाला एक डिस्क, आणि असल्फ्याच्या डोंगरावर किंवा रमाबाई नगरात एका डिस्कमध्ये पाच चित्रपट. दुसरी डिस्क स्टेशनबाहेरच्या पथारीवर मिळे, हातोहात फिरून झिजे आणि फेकली जाई. ज्या सिनेमाने या उपनगरातल्या अधिक लोकांना अधिक आनंद दिला, तो हाच असावा. आणि नेमका त्याचाच पुरावा उरलेला नाही. मी पूर्ण नकलेची तरफदारी करतो आहे, कारण ती वाचण्याची शक्यता आहे. पाच-चित्रपटी डिस्क कोणाकडे शाबूत असेल तर ती अभ्यासकाच्या दृष्टीने कदाचित जास्त दुर्मीळ ठरेल.

वेळ थोडा आहे. कारखान्यात छापलेल्या डिस्कमध्ये खळगे असतात, घरी लिहिलेल्या डिस्कमध्ये सेंद्रिय रंगाचा थर. तो ऊन, उष्णता आणि दमटपणा यांनी फिका पडतो, आणि दमटपणा मुंबईला कोणी शिकवायला नको. डीएलमध्ये असे दोन थर, त्यात दुसऱ्याचे वाचन पहिल्याच्या आरपार व्हायचे. म्हणून बिघाड दिसतो तो बहुधा चित्रपटाच्या उत्तरार्धात. डिस्क तयार करणारी मोझर बेअरही गेली. २०१८ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने तिच्या अवसायनाचा आदेश दिला.

तेव्हा घरी, आजोळी, सोसायटीच्या गच्चीवरच्या अडगळीत असा डबा सापडला, तर फेकण्यापूर्वी एवढे करा. डिस्क कडेने धरा. छिद्राभोवतीच्या पारदर्शक कड्यावर बारीक अक्षरे असतात, ती टिपून घ्या. डिस्क कोणत्या कारखान्यातली हे त्यावरून कळू शकते. मार्करने लिहिलेले नाव आणि तारीख यांचा फोटो काढा, हस्ताक्षर कोणाचे हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि मूळ डिस्क कोणाकडून आली होती तेही. यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह कोणाकडे तरी मिळतोच. त्यात डिस्क घालून फायलींच्या तारखा पाहा, मेनू शाबूत आहे का पाहा, उपशीर्षकांच्या भाषा मोजा. चित्र निमिषभर गोठते ते वळण कोणत्या दृश्यावर आहे, हे मिनिट-सेकंदासह लिहून ठेवा. एकाच चित्रपटाच्या दोन नकलांत ते वेगळ्या जागी आले, तर त्या वेगवेगळ्या हातांनी किंवा वेगवेगळ्या मूळ आवृत्तींवरून उतरवलेल्या असण्याची शक्यता आहे.

नोंदी प्रतिसादात टाकाव्यात. चित्रपटाची फाइल नको, नोंद हवी. व्यक्तींची नावे आणि पत्ते वगळावेत. पुढचा धागा व्हीसीडीवर.